परत सोडलेले दगड

दगड कोरडा असतो तेव्हा झोपलेला असतो. दुकानामागच्या आवारात, वाळूच्या ढिगाशेजारी बसून मी हे आयुष्यभर पाहत आलो आहे. चाळणीवर राहिलेले गोटे उन्हात राखाडी, मळकट दिसतात. कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओता. एखादा निळसर होतो, एखाद्याच्या पोटात मधासारखं काही हलतं, एखाद्यावर ढगांचे थर उमटतात. हा खेळ पाच मिनिटांचा. मग ऊन ते पाणी पिऊन टाकतं आणि दगड पुन्हा झोपी जातो. त्या पाच मिनिटांच्या नादानं मी एक काम अंगावर घेतलं. त्यातून मनस्तापाशिवाय हाती काही आलं नाही आणि ते सोडवतही नाही.

पोटाचा धंदा वेगळा आहे. सोनपेठला माझं सिमेंट, गज, वाळू, खडीचं दुकान आहे. डोक्यावर घमेली वाहण्यापासून सुरुवात केली, वडिलांकडून वारशानं फक्त आवाज मोठा मिळाला. घासाघीस करण्यात मी कुणाला ऐकत नाही. माणूस दुकानाची पायरी चढतो तेव्हाच तो कुठल्या भावाला उतरणार हे मला कळतं. रागीट म्हणून माझं नाव आहे आणि ते खोटं नाही.

गिलाव्याला वाळू बारीक लागते, म्हणून ती चाळतात. चाळणीवर जे राहतं ते गवंडी घराच्या पायात टाकतात, नाहीतर खड्ड्यात. गोदावरीच्या वाळूत या राहिलेल्या मालात गारगोट्या असतात, आणि कधीकधी अकीक. अकीक म्हणजे आतून रेघारेघांचा, उजेड धरून ठेवणारा दगड. आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या चांदीच्या अंगठ्यांत तो अजून दिसतो. मी शाळा सातवीपर्यंत शिकलो, त्यामुळे हे मला पुस्तकातून नाही, तांब्यातून कळलं.

परभणीचा नितीन वडिलांबरोबर घराच्या बांधकामासाठी वाळू बघायला आला होता. पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला होता. वडील भाव करत बसले आणि हा माझ्या परातीत पाण्याखाली मांडलेल्या दगडांपुढे उकिडवा बसला. निघताना म्हणाला, "काका, हे इंटरनेटवर टाकू. असे वेडे आणखी असतील."

होते. त्या काळी आमच्या गावात इंटरनेट म्हणजे एका झेरॉक्सच्या दुकानातला एक पडद्याआडचा कॉम्प्युटर. तिथे बसून नितीननं 'ओला दगड' नावाचा मंच उभा केला. ज्यांना अशा गोष्टी माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मंच म्हणजे एक मोठी वही, जी कुठूनही उघडता येते. सभासदानं आपल्याला सापडलेल्या दगडाचा कोरडा आणि ओला असे दोन फोटो लावायचे, खाली चार ओळी लिहायच्या. बाकीच्यांनी त्याखाली आपलं म्हणणं मांडायचं. प्रत्येक दगडाला एक नंबर. नितीन यंत्र सांभाळायचा. माणसं मी सांभाळायचो. भांडणं सोडवणं, खोटे फोटो ओळखणं, नव्या माणसाला बसवून घेणं, हे काम मी पंधराएक वर्षं करतो आहे.

पुढे एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत आमच्यावर लेख आला. त्यात नितीनचा फोटो होता, आणि लिहिलं होतं, 'एका स्थानिक व्यापाऱ्याच्या सहकार्याने'. तो स्थानिक व्यापारी मी. ते कात्रण माझ्या गल्ल्याच्या काचेखाली अजून आहे. बायको म्हणते, "काढा ते. रोज बघता आणि रोज जळता." मी काढत नाही.

मंचाचा एक नियम माझा आहे, आणि ही सगळी हकिकत त्या नियमाची आहे. सुरुवातीला एक सभासद फोटो बघून लोकांकडून दगड गोळा करायचा आणि शहरात नशिबाचे खडे म्हणून विकायचा. मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी मंचावर ठळक अक्षरात लिहिलं: दगड नदीचा आहे. बघा, भिजवा, फोटो लावा आणि जिथून उचलला तिथे परत सोडा. कुठे सोडला तेही लिहा. आणि फोटो मंचाबाहेर कुठे ठेवायचे नाहीत, मोबाईलमधूनसुद्धा पुसायचे. राग उतरल्यावर मला वाटलं, जरा जास्त झालं. पण लोकांना नियम आवडला. दगड परत सोडताना काय वाटलं, हे ते लिहायला लागले. एकानं लिहिलं होतं की मुलगी सासरी पाठवल्यासारखं वाटलं, आणि खाली दहा जणांनी आपापल्या मुलींची आठवण काढली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी ते वाचत बसायचो. वाचता वाचता डोळे मिटले की सोडलेले सगळे दगड पाण्याखाली ओळीनं चालताना दिसायचे, अगदी हळू, एकमेकांना वाट देत.

सभासदांत एक किशनराव होते. झरीचे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. त्यांच्या घरात मोबाईलला रेंज एवढी कमी की फोटो कधी उघडायचाच नाही. अक्षरं तेवढी यायची. झरीपासून गोदावरी लांब, त्यामुळे स्वतःचा दगड त्यांनी एकदाही लावला नाही. ते फक्त विचारायचे. कुणी 'लाल' लिहिलं की यांचा प्रश्न हजर: 'कुठला लाल? कुंकवाचा, विटाचा का डाळिंबाच्या दाण्याचा?' कुणी 'अंड्याएवढा' लिहिलं तर, 'कोंबडीच्या का लावरीच्या?' मला वैताग यायचा. मी लिहायचो, 'मास्तर, कधीतरी परभणीला जाऊन फोटो बघा.' ते लिहायचे, 'एवढ्यासाठी कोण गाडी धरतंय. तुमी सांगा की.' आणि लोक सांगायचे. त्यांच्या जाचानं सगळे सभासद दगडाचं वर्णन नीट शब्दांत करायला शिकले. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग सहाशे दोन नंबर आला. तो माझा दगड. टिप्परनं आवारात वाळू टाकली, मी स्वतः चाळायला बसलो होतो आणि चाळणीवर एक गोटा राहिला. सवयीनं तांब्या ओतला. त्यानंतर मी बराच वेळ उठलो नाही. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली.

मी नोंद केली: 'लाल. मधे पांढरी रेघ. वजन अंदाजे पाव किलो. परत सोडला.'

मास्तरांनी विचारलं, 'रेघ कडंला जाऊन संपती का मागं वळती?'

मी लिहिलं, 'वळते.'

'मग हा दोनशे चौदा हाय. पाथरीच्या रेखाताईंनी चार वर्षांमागं सोडलेला.'

रेखाताई पाथरीत शिवणकाम करतात. त्यांचा दगड त्यांनी आपल्या गावाकडच्या घाटावर सोडला होता. मास्तरांचं म्हणणं, तोच दगड खाली सरकत आला असणार. नदीनं आणला की टिप्परनं, एवढाच प्रश्न. आज वाचताना ही किती सुंदर गोष्ट वाटते. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की इतक्या वर्षांत मला सापडलेला सगळ्यात देखणा दगड एक माणूस फोटो न बघता दुसऱ्याच्या नावावर करतो आहे. मी लिहिलं, 'माझ्या चाळणीत आलेला दगड दुसऱ्याचा कसा?' त्यांनी शांतपणे लिहिलं, 'दुसऱ्याचा न्हाई, नदीचा. आन् शेठ, परत कुठं सोडला ते लिवलं न्हाई तुमी.'

मी त्यांना मंचावरून काढून टाकलं. एक बटण असतं, ते दाबलं की माणूस लिहू शकत नाही. नितीनचा फोन आला, "काका, त्यांचं काय चुकलं?" मी म्हणालो, "तू यंत्र सांभाळ."

यानंतर तीनेक वर्षांनी मंच बुडाला.

मंच जिथे राहतो त्या जागेला भाडं असतं. जागा जुनी झाली म्हणून नितीन नवीन जागा घेत होता. त्यानं सुचवलं होतं की सगळ्या वहीची रोज एक प्रत काढायची आणि तीस दिवसांच्या तीस प्रती ठेवायच्या. मी म्हणालो, "एका घराला तीस कुलपं कशाला? एक प्रत ठेव, रोज जुनी पुसून नवी." भाडं कमी करून घेतलं आणि चांगला सौदा झाला म्हणून खूशही झालो. हलवाहलवीत काहीतरी चुकून मंच रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे जुनी प्रत पुसून नवी प्रत आपोआप निघाली. ती रिकाम्या मंचाची होती.

"काका, सगळं गेलंय," नितीन फोनवर म्हणाला.

"बॅकअप?"

"आहे. पण कोऱ्याचा आहे."

मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर जाऊन उभी राहिली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "काका, तीस प्रतींचं मी म्हणालो होतो." मी फोन ठेवला. त्यानंतर कितीतरी महिने मी त्याच्याशी बोललो नाही. खरं माणसानं तोंडावर सांगितलं की जास्त लागतं.

एक एक सभासदाला फोन केले. कुणाकडे काही फोटो असतील? सगळ्यांचं उत्तर एकच. नियम पाळला होता. फोटो पुसले होते आणि दगड नदीत होते. साडेसातशेवर दगड आम्ही एवढ्या इमानदारीनं सोडून दिले होते की त्यांचा मागमूस राहिला नव्हता. त्या दिवसांत मला डोळे मिटले तरी दगड दिसेनात. नुसतं पाणी दिसायचं.

रेखाताईंनाही फोन केला. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं न्हाई काही भाऊ. झरीच्या मास्तरांना विचारलं का? ते लिवून घेत होते म्हणं."

मी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "जा मग. त्या माणसाला हाकलताना इचारलं होतं का मला? आता जाताना कशाला इचारता?"

परभणीला जाऊन झरीची गाडी धरली. वाटेत मनाशी सौदा मांडत होतो. आधी त्यांची तब्येत विचारायची, मग मंचावर परत घेतो म्हणून सांगायचं, मग वह्यांकडे वळायचं. समोरच्याला आपली गरज दिसू द्यायची नाही, हा माझा धंद्यातला पहिला धडा.

मास्तर ओट्यावर चष्मा लावून बसले होते. कमरेत जरा वाकलेले, पण बोटं अजून तिकिटं फाडायला तयार असल्यासारखी चपळ. मला त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. नाव सांगितलं.

"या शेठ. बसा. लय उशीर केला तुमी," ते म्हणाले. "म्या दिवाळीपसून वाट बघायलोय."

"कशाची?"

"तुमचं बुडालं, तवापसून. माझ्याकडं यायचं सोडून जाता कुठं?"

सगळा सौदा तिथेच मोडला. सुनेनं चहा आणला. मास्तर आत जाऊन एक जुनी पत्र्याची पेटी घेऊन आले, कंडक्टरची असते तशी. उघडली. आत वह्या होत्या, शाळेच्या, दोनशे पानी, पाठपोट भरलेल्या. प्रत्येक दगडाचा नंबर, सापडल्याची जागा, वर्णन, सोडल्याची जागा. मी मधली एक वही उघडली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागलो. जांभळाच्या सालीसारखा. पाण्यात सोडल्यावर दोन गिरक्या घेतल्या. हात थंड पडेस्तोवर धरून ठेवला. पुढे वाचवेना, म्हणून मी ती वही ठेवली, शेवटची वही उघडली आणि पानं भराभर उलटत शेवटाकडे गेलो. शेवटची नोंद मंच बुडाला त्याच्या आदल्या दिवसाची होती.

"मास्तर, तुम्हाला तर मी काढलं होतं."

"लिवायला काढलं. वाचायला कुठं काढलं होतं?"

मी वही पेटीत ठेवली. मग जुन्या सवयीनं म्हणालो, "बोला, काय घ्याल?"

ते हसले. "आलात लायनीवर. एकच घेतो." त्यांनी एक वही काढून माझ्यासमोर उघडून धरली. दोनशे चौदा नंबर. रेखाताईंचे शब्द होते: 'मुठीत मावतो, एका अंगानं चपटा. कोरडा असताना जुन्या बारदानासारखा. ओला केला की आतून लाल उजेड येतो, निखाऱ्यावर राख असते तसा. पांढरी रेघ कडेपर्यंत जाते आणि मागे वळते, पायवाट घर विसरली असावी तशी. गावाकडच्या घाटावर शेवटच्या पायरीवरून सोडला.'

मग दुसरी वही. सहाशे दोन. माझी दीड ओळ.

"साडेसातशे नोंदी हायत शेठ. समद्यांनी लिवलं कुठं सोडला. कुणी घाटावर, कुणी पुलाखाली. एक तुमीच नुसतं 'परत सोडला' लिवलं. म्या तीस वरीस गाडीत लोकांची तोंडं बघितलीत. तिकीट न काढलेला माणूस असाच बोलतो, थोडकं." त्यांनी वही मिटली. "सोडला का हो?"

माझ्या आवाजानं ट्रकवाले दचकतात. तिथे त्या आवाजाचा काही उपयोग नव्हता. नदीवर मिळाला नव्हता, आवारात मिळाला होता, मग तो सोडायचा कुठे, अशी पळवाट मी स्वतःला रोज सांगत आलो होतो. तो दगड माझ्या गल्ल्याच्या आतल्या कप्प्यात होता. रोज दुपारी मी तो पेल्यातल्या पाण्यात बुडवून बघत होतो. आणि ज्या माणसाला ते कळेल असं वाटलं, त्याला मी बटण दाबून बाहेर काढलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. सोनपेठ सोडून मी असं गावरान फारसं बोलत नाही, पण तिथे तसंच निघालं. "न्हाई सोडला मास्तर. जीव झाला न्हाई."

त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. "घेऊन जा. म्या येतो मंगळवारी सोनपेठला. सोडू दोघं मिळून. तेवढा एक बघू द्या मला."

"आधी पेटी देता? मी नाहीच सोडला तर?"

"न सोडता आता तुमाला झोप लागंल व्हय?"

मंगळवारी ते आले. एसटीत कंडक्टरच्या शेजारच्या सीटवर बसून आले होते आणि उतरताना त्या नव्या कंडक्टर पोरीला घंटी कशी मारायची ते सांगत होते. मी त्यांना मोटारसायकलवर बसवून नदीवर नेलं. दुपार होती, वारा नव्हता. गोदावरीला हिवाळ्यातलं पाणी होतं, तळ दिसेल असं निवांत. काठावर आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. पाणी हलतंय की आपणच हळूहळू वर सरकतोय हे कळत नव्हतं.

मी रुमालातून दगड काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी वजन पाहिलं, चपट्या अंगावर अंगठा फिरवला. "बारदान," असं स्वतःशीच म्हणाले. मग पाण्याच्या कडेला बसले आणि हात दगडासकट आत बुडवला.

मी हा दगड हजारदा पाहिला असेल. पेल्यात तो कधी इतका पेटला नव्हता. मास्तर आणखी खाली वाकले. त्यांचा हात पाण्याखाली, त्यावर तो उजेड आणि ती परत फिरलेली रेघ. एक बारीक मासा आला, थांबला, गेला. मी मोबाईल काढून तेवढ्यात एक फोटो घेतला.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "काय मास्तर, कुठला लाल? कुंकवाचा, विटाचा?"

त्यांनी विचार केला. दगड पाण्यातच थोडा फिरवून पाहिला.

"तुमचं बराबर होतं शेठ," ते म्हणाले. "लाल."

मग हात पाण्याखालीच ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. सोडायचा मला होता. मी शेजारी बसलो, त्यांच्या तळव्यावरून दगड उचलला, थोडा पुढे नेला आणि बोटं उघडली. दगड गिरकी न घेता सरळ खाली गेला. वाळू जराशी उठली आणि बसली. आता तिथे खूप दगड होते आणि ते सगळे पेटलेले होते.

गेल्या उन्हाळ्यात मंच पुन्हा उभा राहिला. सभासदांनी एकेक वही वाटून घेऊन टाईप केली. नितीनला फोन मीच केला. तो म्हणाला, "काका, प्रती किती ठेवायच्या?" मी म्हणालो, "साठ ठेव. आणि त्या पुरवणीवाल्यांना कळव की स्थानिक व्यापाऱ्याला नाव आहे." तो हसला. अजून त्यांनी काही छापलेलं नाही. कात्रण काचेखालीच आहे.

साडेसातशे नोंदींना आता एकच फोटो आहे, मास्तरांच्या तळव्यावरचा. झरीला तो अजून उघडत नाही. मंच सुरू झाला त्या दिवशी मास्तरांची पहिली ओळ आली: 'दोनशे चौदाचा फोटो आलाय म्हणे. कसा दिसायलाय ते कुणीतरी लिवा.' त्याखाली रेखाताईंनी, नितीननं, एरवी कधी न लिहिणाऱ्या सभासदांनीही लिहिलं. प्रत्येकाचा लाल वेगळा होता. मी सहाशे दोन नंबर काढून टाकला आणि दोनशे चौदाच्या खाली जोडून दिलं: 'सोनपेठला चाळणीवर पुन्हा भेटला. तीन वर्षं एका माणसानं ठेवून घेतला. नंतर सोनपेठच्या पुलाच्या वरच्या अंगाला, मोठ्या सपाट खडकाच्या डाव्या हाताला, गुडघाभर पाण्यात सोडला.'

आता आवारात टिप्पर रिकामा झाला की चाळायला मी स्वतः बसतो. गवंडी घाई करतात, त्यांना दोन शब्द ऐकवतो आणि सावकाश चाळतो. पाण्याचा तांब्या हाताशी असतो. दोनशे चौदा पुन्हा येईल तेव्हा त्याला नवा नंबर द्यायचा नाही, हे ठरलेलं आहे.